आतून ठोकळा कोण धरत होतं?

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांवर हसतो. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, चकवा लागून रात्रभर त्याच बांधावर फिरणारे मामा... आमच्या कोकणात घरटी असा एक मामा असतोच! मी रत्नागिरीतल्या एका शाळेत टेक्निकल विषय शिकवायचो. पत्राकाम, जोडकाम, ड्रॉइंग. जे फुटपट्टीने मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. शिक्षकांच्या खोलीत कोणी भुताची गोष्ट काढली की मी मुद्दाम विचारायचो, "उंची किती होती हो त्याची?" सगळे हसायचे आणि सांगणारा बिचारा गप्प व्हायचा.

तेव्हा माझी ही गोष्ट मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आता आई राहिली नाही, मीही रिटायर झालो, म्हणून लिहितो आहे. यात अमावास्या नाही की स्मशान नाही. जे झालं ते ऐन दुपारी, आमच्या अंगणात, माझ्या हातात हातोडी असताना झालं.

आमचं घर मिऱ्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. भोवती चिऱ्यांचा गडगा, अंगणात एक फणस आणि फणसाखाली अण्णांची गाडी. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा सोडा-लेमनचा छोटा कारखाना होता आणि गाडी म्हणजे एक जुनी विलायती व्हॅन, त्यांनी ती घेतली तेव्हाच म्हातारी झालेली. तिच्यातून सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट घेऊन ते थेट पालीपर्यंत जायचे. गाडीला बाहेरच्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. ऑइल बदलण्यापासून डेंटिंगपर्यंत सगळं स्वतः करायचे. आई तिला "माझी सवत" म्हणायची, आणि अण्णा गाडी पुसायला बसले की मला सांगायची, "जा, विचार, आज जेवायला हितंच वाढू की तिच्याकडं?"

मग अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात कोणीतरी आणून ठेवल्यासारखा खाटेवर पडलेला असायचा. कारखाना बंद झाला. गाडी फणसाखाली उभी राहिली ती राहिलीच. खारा वारा आणि वरून आमचा पाऊस, पत्र्याची चाळण व्हायला किती वेळ लागतो? दाराखालचा भाग तर बोटाने दाबला तरी भुगा होऊन पडायचा.

ही गोष्ट शहाऐंशी सालची, शिमगा जवळ आला होता तेव्हाची. आमचा संडास घरामागच्या परड्याच्या टोकाला होता. अण्णांना खुर्चीत बसवून मी आणि आई तिथपर्यंत न्यायचो. पावसात ते कसं व्हायचं हे सांगत नाही, अण्णांच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही एवढंच सांगतो. घराला लागून नवीन संडास-बाथरूम बांधायचं तर जागा एकच होती — गाडी उभी होती ती. गडग्याच्या आत दुसरीकडे ती मावत नव्हती. पालीचे शेट्ये हॉटेलवाले होते, त्यांना अशा गाडीची हौस. म्हणाले, "मास्तर, इंजिनाचं मी बघतो. तुम्ही फक्त बॉडी उभी करून द्या." मी हो म्हटलं.

अण्णांना मात्र सांगितलं नाही. त्यांच्या खाटेशी जाऊन एवढंच म्हटलं, "अण्णा, गाडीचा पत्रा दुरुस्त करायला घेतोय." अर्धा चेहरा हसला त्यांचा. किती महिन्यांनी! डावा हात उचलून त्यांनी स्टिअरिंग फिरवल्यासारखा फिरवला. मी हसलो आणि बाहेर पळालो.

आईला सगळं माहीत होतं. ती भाकरी भाजता भाजता रोज विचारायची, "बाबू, सांगितलंस काय त्यांना?"

"सांगतो."

"कधी? गाडी गेल्यावर? मी नाय हां सांगणार. तुजं तू बघ."

मी काम सुरू केलं. गंज खरवडला, कुजलेला पत्रा कापून काढला. एका ओळखीच्या वेल्डरला बोलावून नवीन पत्र्याची ठिगळं जोडून घेतली. तो अण्णांना न भेटताच काम करून गेला. आता उरलं ते ठोकून ठोकून ठिगळ मूळ पत्र्याच्या पातळीत आणणं, आणि इथेच घोडं अडलं.

हे काम एकट्याचं नाही. बाहेरून हातोडी मारायची तर आतून कोणीतरी लोखंडी ठोकळा पत्र्याला दाबून धरावा लागतो. गॅरेजवाले त्याला डॉली म्हणतात. हातोडी सरकेल तसा ठोकळा सरकायला हवा. आधार नसेल तर पत्रा नुसता ढोलासारखा वाजतो आणि आत जातो. लहानपणी अण्णा बाहेरून ठोकायचे आणि मी आत बसायचो. मी पत्राकाम शिकून आलो तेव्हा त्यांनी हातोडी माझ्या हाती दिली आणि स्वतः आत जाऊन बसले. मी बिचकत मारलं की आतून ओरडायचे, "अरे, जीव नाय काय हातात? मार!"

मदतीला माणूस मिळाला असता. पण येणारा प्रत्येक जण आत जाऊन अण्णांना भेटणार, आणि गाडी कोणाला विकली हे बोलून जाणार. म्हणून मी कोणालाच बोलावलं नाही. आत एक वासा तिरका लावून त्याच्या टोकाने ठोकळा पत्र्याला टेकवून ठेवला. चार घाव घातले की वासा निसटायचा, पुन्हा आत जा, पुन्हा लावा. शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारभर माझा हाच उद्योग चालायचा.

एका दुपारी वासा पुन्हा निसटला. ठोकळा आत पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. इतका वैतागलो होतो की तशीच एक हातोडी रागाने हाणली. ढप्प व्हायला हवं होतं... पण आवाज आला टण्ण!

ज्याने पत्राकाम केलंय त्याला हा आवाज झोपेतही कळेल. मागे ठोकळा असल्याशिवाय तो येत नाही. मी पुन्हा मारलं. टण्ण. हातोडी पुढे सरकवली, आधारही सरकला. मला कुठे मारायचंय हे त्याला आधीच कळत होतं. उंचवटे बसत गेले, ठिगळ पातळीत यायला लागलं. माझी तंद्रीच लागली. "जरा खाली घ्या," असं मी म्हणालो, आणि आधार खाली आला.

आपण कोणाशी बोललो हे लक्षात आलं तेव्हा मी हातोडी खाली ठेवली. वळसा घालून मागचं दार उघडलं. आत कोणी नाही. वासा आडवा पडलेला, शेजारी ठोकळा. उचलून बघितला तर गरम. उन्हाने म्हणावं तर गाडी फणसाच्या गार सावलीत होती. घाव झेलून लोखंड गरम होतं, तसाच तो गरम होता.

आता तुम्ही म्हणाल, फुटपट्टीवाले मास्तर तुम्ही, मग तपासलं का नाही? नाही तपासलं. दुसऱ्या दिवशी मी वासा लावलाच नाही. ठोकळा आत ठेवला, दार लावलं आणि बाहेरून ठोकायला लागलो. टण्ण. काम होत होतं, आणि मला ते लवकर संपवायचं होतं. कोण धरतंय हे माझ्या मनाला कळलेलं होतं, म्हणूनच मी गाडीच्या खिडकीतून डोकावलो नाही.

दोन-चार दिवसांनी आईने हाक मारली. "बाबू, हे बघ रे. ह्यांच्या हाताला काय झालंय?"

अण्णांचा उजवा पंजा सुजला होता. अंगठ्याच्या मुळाशी लालभडक झालेलं, बोटांच्या पेरांवर फोड, आणि तळहाताच्या रेषांत गंजाचा तांबूस रंग. आई खोबरेल लावून पुसत होती. "खाटेच्या दांडीवर घासला असंल," ती म्हणाली. खाट लोखंडी होती, गंजलेलीही होती. पण ज्याला चमचा धरता येत नाही तो हात दांडी आवळेल कसा? आणि अंगठ्याच्या मुळाशी येणारी ती सूज मला चांगली ओळखीची होती. दिवसभर ठोकळा धरला की लहानपणी माझ्या हाताला तशीच यायची.

"तू ठोकायला लागलास ना, की हे डोळे मिटून घेतात," आई सांगत होती. "घाम सुटतो, दंड थरथरतो. मी म्हटलं, बरं होतंय काय बघूया."

डॉक्टर आले. त्यांनी अण्णांच्या उजव्या पंजात आपलं बोट दिलं आणि म्हणाले, "दाबा." बोटं मिटली! अगदी थोडी, पण मिटली. डॉक्टर म्हणाले, लक्षण चांगलं आहे, काही चालू असेल तर चालू ठेवा. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मलाही दिली. ती साखर मी मुठीतच ठेवली. अण्णा माझ्याकडे बघून अर्ध्या चेहऱ्याने हसत होते. त्यांना वाटत होतं, आम्ही बाप-लेक मिळून त्यांची गाडी उभी करतोय.

मग मात्र मला राहवेना. मागच्या दाराजवळचं एकच ठिगळ उरलं होतं. त्या दुपारी मी हातोडी न घेता खाटेशी जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. "अण्णा, गाडी मी विकली. पालीचे शेट्ये घेतायत. गाडीच्या जागी तुमच्यासाठी बाथरूम बांधायचंय. आधी सांगायला हवं होतं... चुकलं माझं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटले. मान परत वळली नाही.

मी बाहेर आलो. आता आधार मिळणार नाही याची मला खात्री होती, आणि खोटं का बोलू, मला तेच हवं होतं. ते रागावले असते तर मी सुटलो असतो. हातोडी उचलली आणि हळूच मारली.

टण्ण.

रोजच्यापेक्षा घट्ट. त्यांच्या हाताला लागू नये म्हणून मी अगदी हलकेच मारत होतो. तर आधार पत्र्याला इतका दाबला गेला की ठिगळ माझ्याकडे फुगून आलं. आतून कोणी ओरडलं नाही, पण काय म्हणायचंय ते मला कळलं. मी जोर लावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोरचा पत्राही धड दिसत नव्हता, आणि तरी एक घाव चुकला नाही. ते ठिगळ त्या गाडीतलं सगळ्यात चांगलं बसलेलं ठिगळ होतं.

त्यानंतर सांध्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासलं, रेड ऑक्साइड मारलं, वर दुधी रंग. ठरल्या दिवशी शेट्ये आले. गाडीभोवती फिरले, पत्र्यावरून तळवा फिरवला, वाकून तिरप्या नजरेने बघितलं. कुठे लाट नाही, खड्डा नाही.

"मास्तर, हे एकट्यानं केलंत?"

अण्णांची खिडकी उघडी होती.

"हो," मी म्हणालो.

गाडी दोरखंड बांधून ओढून नेली. संध्याकाळी आईने अण्णांच्या पंजात बोट दिलं. बोटं मिटली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, आशा सोडू नका. अण्णा पुढे बरीच वर्षं जगले. नवीन बाथरूम त्यांनी वापरलं, माझ्यावर राग धरल्याचं कधी दिसलं नाही. पण तो हात पुन्हा हलला नाही.

मी खूप डोकं खाजवलं. पत्रा तापून ताठला असेल, वासा पडताना अडकला असेल, फोड दांडीचेच असतील, बोटांची हालचाल योगायोग असेल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर पटतेही. सगळ्या एकत्र केल्या की माझी फुटपट्टी अपुरी पडते. तुमच्यापैकी कोणी हसलं तर मला त्याचं काही वाटणार नाही.

सलतो तो माझा "हो". अण्णा होते आत, त्यांनी धरला ठोकळा, असं मी शेट्येंना म्हणालो असतो, तर फार तर काय झालं असतं? ते हसले असते.