होयबाचा नकार

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की समोरच्या बेकरीची पाटी दिसत नव्हती, नुसता पावाचा वास रस्ता ओलांडून येत होता. होयबाने शटर अर्धं वर ढकललं, वाकून आत शिरला, दिवा लावला आणि पाणी तापत ठेवलं. अशा दमट हवेत आरशाला घाम फुटतो. तो कोरड्या फडक्याने वरून खाली पुसून काढला. खुर्चीचा पाय कुरकुरायला लागला होता, तिथे तेलाचा थेंब सोडला. मग बाकावरचे कालचे पेपर उचलून आजचे ठेवले. वाचणारे वाचोत, पण बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असलं की तो घड्याळाकडे बघत नाही, हा त्याचा अनुभव.

आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतंच, पण गल्लीत ते कुणाच्या तोंडात नव्हतं. सगळे होयबा म्हणायचे आणि त्यालाही तो ओ द्यायचा. खुर्चीत बसलेला माणूस काहीही बोलो, हा मागून ‘हो हो, अगदी’ म्हणणार. एकदा निवडणुकीच्या दिवसांत दोन पक्षांचे दोन पुढारी एकापाठोपाठ दाढीला आले, आणि दोघेही हा आपलाच माणूस म्हणून खूश होऊन गेले. हा भित्रेपणा नव्हे, धंद्याची रीत होती. त्याला वस्तरा धरायला शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “गिऱ्हाइकाशी वाद घालू नको. वाद झाला की ते मान हलवतं, आणि मान हलली की रक्त येतं.” ते त्याने असं अंगी बाणवलं की दुकानाबाहेरही त्याची मान आपोआप डोलायची. बायको पाळणाघरात कामाला होती. ती म्हणायची, “माझ्याकडची पोरं निदान नाही म्हणायला तरी शिकतात!”

त्यांची एकुलती एक पोरगी मात्र बापाच्या अगदी उलट. लहानपणापासून शाळा सुटली की दुकानाच्या बाकावर बसून अभ्यास करायची. होयबा सगळ्यांशी आरशातूनच बोलायचा, तिच्याशीही तसाच. हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आणि डोळे आरशात, बाकावरच्या पोरीकडे. कात्रीच्या किचकिचाटात पाढे पाठ करत ती एवढी झाली आणि शाळेत पहिली आली. तेव्हापासून ‘आता पुढे काय’ हा प्रश्न दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा झाला.

उत्तरही त्यांनीच ठरवलं. “होयबा, पोरगी मोठ्या कॉलेजात जाणार म्हणे!” “हो हो,” होयबा म्हणायचा. शहरातलं ते मोठं कॉलेज, दगडी कमानीचं, ज्याचं नाव घेतलं की माणसं जरा ताठ बसतात. दहाजणांना ‘हो हो’ म्हटल्यावर अकराव्यांदा त्याला ते खरंच वाटायला लागलं. वाटलं तेव्हा गोडही वाटलं. तिथल्या फीसाठी दुसरी खुर्ची विकायची, अर्धं दुकान मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने द्यायचं, असं त्याने मनात पक्कंही करून टाकलं. कुणाला बोलला नाही.

पोरगी मात्र बाकावर मांडी घालून फोनमध्ये वेगळंच काही शोधत होती. रोज एका कॉलेजाची कुंडली मांडायची. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, मोठ्या कॉलेजात मला प्रवेश मिळेल. पण फीत सवलत देतात ती अगदी नखाएवढी.”

“नाव मोठं आहे ना बयो.”

“नाव मोठं म्हणूनच. माझ्यासारख्या तिथे ढिगाने येतात, मग ते मला कशाला ओढून घेतील? जिथे माझे मार्क त्यांच्या नेहमीच्या पोरांपेक्षा वरचे असतील, तिथे ते आपणहून हात पुढे करतात. हे बघा, डोंगरापलीकडच्या गावातलं हे कॉलेज. गुणवत्तेवर पूर्ण फी माफ, वर हॉस्टेलची खोलीही.”

“फुकट देतात म्हणजे काहीतरी खोट असणार.”

“तुम्ही नवीन गिऱ्हाइकाला पहिली चंपी फुकट करता, त्यात काय खोट असते?”

“ती गोष्ट वेगळी.”

“तीच गोष्ट! चांगलं गिऱ्हाईक धरून ठेवायला करता ना? त्यांना चांगली पोरं हवीत.” मग तिने सांगितलं की तिथे शिकणाऱ्या दोन मुलींशी ती बोलली आहे, मास्तर वर्गाबाहेरही शिकवतात, प्रयोगशाळेत रांग लावावी लागत नाही. “पाटीवरची फी बघायची नसते बाबा. सगळं वजा जाता आपल्या घरातून काय जाणार, ते बघायचं.”

“हो हो,” होयबा म्हणाला. आणि मनात दगडी कमान तशीच उभी.

तिने डोंगरापलीकडच्या कॉलेजात अर्ज केला, ती यादीत आली. आता तिथल्या कचेरीतून फोन येणार होता. तिचा फोन जुना, मधेच मान टाकायचा, म्हणून तिने दुकानाचा नंबर दिला होता. तसं बापाला दोनदा सांगूनही ठेवलं होतं.

फोन आला तो नेमका त्या धुक्याच्या दिवशी, दुपारच्या तोंडाला. खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर होते. केस कापून झाले होते, गालांवर फेस चढला होता आणि ते मोठ्या कॉलेजाचेच गोडवे गात होते, कारण त्यांचा पुतण्या तिथे शिकला होता. होयबाने फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबून धरला. वस्तरा पोस्टमास्तरांच्या कानाखाली.

पलीकडून एक बाई भरभर बोलत होत्या. मुलीचे मार्क फारच चांगले आहेत. “मग ती मोठ्या कॉलेजातच जाणार असेल, नाही का?”

“हो हो,” होयबा म्हणाला.

“वाटलंच मला. म्हणजे इथली माफीची जागा यादीतल्या पुढच्याला देऊ?”

इकडे पोस्टमास्तर म्हणत होते, “तिथली लायब्ररीच बघ तू नुसती, होयबा!”

“हो हो, अगदी,” होयबा म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाही धड ठाऊक नव्हतं. फोन बंद झाला. वस्तरा एक पट्टा खाली आला आणि मधेच थांबला. कानात शिरलेलं आता कुठे डोक्यात उतरलं.

तेवढ्यात पोरगी डबा घेऊन आत आली. ओढणीवर धुक्याचे थेंब तसेच होते. “बाबा, फोन आला का हो?”

होयबाने आरशात पाहिलं. ती आरशातून त्याच्याकडे बघत होती. खोटं बोलता आलं असतं, पण आरशात ते कधी जमलं नव्हतं.

“आला बयो. मी... मी हो म्हटलं.”

“कशाला हो म्हटलं?”

त्याने सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती डब्याचं कडं धरून उभी राहिली, आणि तिची हनुवटी लहानपणी थरथरायची तशी थरथरली.

“मी तिथे जायला तुम्हाला नकोच होतं का?” ती हळूच म्हणाली.

हे मात्र त्याला आरपार लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं. कमानीचं खरं होतं, आणि डोंगरापलीकडे ती गेल्यावर हा बाक रिकामा राहणार, हेही.

“थोडं तसंच होतं,” तो म्हणाला, आणि आरशाकडे पाठ करून सरळ तिच्याकडे वळला. वस्तरा खाली ठेवला. फोन उचलला. बोटाला साबण लागला होता, दोनदा चुकीची कळ दाबली गेली.

“मॅडम, मघाशी तुमच्याशी बोललो तो मी. चुकीचं बोललो.”

“अहो काका, तुम्हीच तर म्हणालात!”

“म्हणालो. पण ते खरं नाही.”

“मग आताचं खरं कशावरून? आणि मी तर म्हणते, मोठ्या कॉलेजात जागा असेल तर तिकडेच पाठवा. नाव आहे त्याचं. तुम्हालाही तसंच वाटत होतं ना?”

होयबाची मान सवयीने डोलायला निघाली. त्याने ती हाताने धरल्यासारखी थांबवली.

“नाही,” तो म्हणाला.

शब्द इतका नवा होता की पोस्टमास्तरांनी अर्ध्या फेसातून डोळे उघडले.

“नाही मॅडम. नावाचं वेड माझं होतं, पोरीचं नाही. तिने तुमच्याकडचं सगळं नीट बघितलंय. तिथल्या मुलींशी बोललीये. तिला तुमच्याकडेच यायचंय, आणि तिने डोकं लावून ठरवलंय. माझ्या हो-हो वर जाऊ नका. मी सगळ्यांनाच हो म्हणतो, विचारा गल्लीत कुणालाही.”

पलीकडे बाई हसल्या. “बरं झालं, पुढच्या मुलाला कळवलं नव्हतं अजून. जेवण झाल्यावर कळवणार होते. तिला द्या फोन, तिच्या तोंडून ऐकायचंय.”

पोरीने फोन घेतला. आवाज पहिल्या वाक्याला कापरा होता, दुसऱ्याला सरळ झाला. “हो, मला हवी आहे जागा. पण मॅडम, पुढच्या वर्षीही माफी राहायला किती मार्क टिकवावे लागतील? आणि एखादं वर्ष थोडं खाली गेलं तर लगेच काढून घेता, की सावरायला वेळ देता?”

होयबा तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. आपण असतो तर ‘हो हो, आभारी आहे’ म्हणून मोकळे झालो असतो.

तिने फोन ठेवला. मान हलवून ‘झालं’ असं सांगितलं, आणि मग डबा बाकावर ठेवून बापाच्या साबणाच्या हाताला धरून रडली. थोडंसंच. तोही तिच्या डोक्यावर मनगट ठेवून उभा राहिला, केसांना फेस लागू नये म्हणून बोटं वर धरून.

“सुट्टीला येशील ना गं?”

“येईन की. केस दुसरीकडे कुठे कापणार मी?”

“सगळं छान झालं हो,” खुर्चीतून आवाज आला, “पण माझी अर्धी दाढी वाळून पापड झालीये. आणि होयबा, तरी मी म्हणतो, मोठं कॉलेज ते मोठंच.”

“नाही पोस्टमास्तर.”

“काय?”

“नाही म्हटलं. आता मान हलवू नका.”

पोस्टमास्तर हसू दाबत डोकं मागे टेकून बसले. पोरगी डब्याचं झाकण उघडून आईला फोन लावायला दाराशी गेली. होयबाने ब्रश गरम पाण्यात बुडवला, साबणावर गोल गोल फिरवला, आणि वाळलेल्या गालावर पुन्हा पहिल्यापासून फेस चढवायला लागला.