नऊ डावखुरे

आमचा बलभीममामा डावखुरा. डाव्या हातानं घास घेतला की आजी पाठीत धपाटा घालायची. दुष्काळी कामावर डाव्या हातानं खडी फोडू लागला की मुकादम चार लोकांत टिंगल करायचा. मामा खाली मान घालून सगळं सोसायचा.

त्र्याहत्तर साली सोनारीच्या जत्रेत तंबूतल्या टॉकीजला इंग्रजी मारधाडीचा पिक्चर लागला. दारात तिकिटं फाडायला परंड्याचे व्यंकटराव. बौद्धवाड्यातलं कुणी आलं की पैसे इतरांएवढेच घ्यायचे आणि बोटानं पडद्याची मागची बाजू दाखवायचे. पुढं जागा मोकळी असली तरी आमची माणसं मागं, धुळीत. त्या बोटाचा मला आजही संताप येतो.

पिक्चरमध्ये नऊ घोडेस्वार एका गावासाठी लढतात आणि एकेक करून मरतात. मामाला त्यात एकच गोष्ट दिसली. नऊच्या नऊ डावखुरे! तेव्हापासून मामा मान वर करून डाव्या हातानं जेवू लागला. कुणी हसलं की त्याला त्या नऊ जणांची गोष्ट ऐकवायचा.

चौऱ्याऐंशी साली परंड्याच्या दूध सोसायटीनं सभासदांसाठी आवारात पडदा लावला. पिक्चर तोच, झिजून रेघा पडलेला. व्यंकटराव आता संचालक, पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेले. मामाही सभासद. 'आता बघा माझे डावरे,' असं सगळ्यांना सांगून तो पुढं बसला.

पहिल्यानं पिस्तूल काढलं ते उजव्या हातानं. दुसऱ्यानंही उजव्याच. व्यंकटराव मागं वळले.

"बलभीम, तुझे डावरे मेले का रं?"

सगळं आवार खदखदून हसलं. मामा गुमान उठला आणि पडद्यामागं गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी उठून उभा राहिलो. त्यानं व्यंकटरावांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच मागं नेलं. मीही धावलो. मागून तेच घोडे, तीच माणसं दिसत होती, पण पिस्तुलं सगळ्यांच्या डाव्या हातात.

"बगा," मामा म्हणाला. "मागनं समदं उलटं दिसतंय. इतकी वर्सं म्या उलटंच सांगत फिरलो. मागं कुनी बसवलं व्हतं मला?"

जुनं कशाला उकरतोस, असं व्यंकटराव पुटपुटले.

"जुनं न्हाय. आत्ताच हसला की तुमी."

मग मामा त्यांना तिथंच सोडून पुढं आला आणि पहिल्या रांगेत त्यांच्याच खुर्चीवर बसला. कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही. नवव्या माणसाचं मरण होईपर्यंत तो पापणी न हलवता बघत राहिला.

घरी जाताना मी म्हणालो, मामा, बरी जिरवलीत त्यांची. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जागा घेतली ती घेतली," तो म्हणाला. "माजी नऊ मानसं बी घेतली त्यांनी."