दुप्पट खळीचं घोंगडं

सोनारीहून परंड्याला जाणारी एसटी आली तेव्हा माझी पेटी आईच्या डोक्यावर होती आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खांद्यावर नुसतं एक घोंगडं. पेटीला कुणीही हात लावावा, पण घोंगड्याला त्यांनी कुणाला शिवू दिलं नाही. सुतळीनं बांधलेली ती काळी वळकटी इतकी कडक होती, की सीटवर उभी केली तर तशीच उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "मामा, ह्याचं बी तिकीट काढू का?" अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "काढा की. पोरगी एकटी चाललीय, तिची सोबत हाय ती."

मला रत्नागिरी जिल्ह्यात शाळेची नोकरी लागली होती. आमच्या भागातली कितीतरी डी.एड. झालेली पोरं-पोरी अशीच घाट उतरून कोकणात गेलीत. ती हे वाचत असतील तर त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. आणि जे तिकडंच राहिले, ज्यांना आम्ही पाण्याच्या प्रदेशात मजेत आहोत असं वाटतं, त्यांच्यासाठी तर मुद्दाम लिहितेय. मजेत आहोत, पण आमचं कपाट एकदा उघडून बघा.

गाडी सुटता सुटता आईनं खिडकीतून बजावलं, "कपाट घेतलंस की गच्च लावून घेत जा. उघडं ऱ्हायलं की धूळ बसती." आणि अण्णा म्हणाले, "तिकडं पाऊस लई हाय म्हणतेत. म्हणून खळ दुप्पट दिलीय. एक थेंब आत यायचा न्हाय." एवढंच बोलले. बाकी काही बोलण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

खळ म्हणजे चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, भिजत घालायचे, वाटून शिजवायचे, आणि ती चिकट पेज घोंगड्याला कुंच्यानं चोळून उन्हात कडक वाळवायचं. त्यानं घोंगड्याला अंग येतं. मग त्याची खोळ करून डोक्यावर घेतली की माळावर पाऊस आला तरी मेंढक्या आत कोरडाच. अण्णांनी उभा जन्म मेंढरामागं असाच काढला. पुढं गुडघे बोलायला लागले, माझे भाऊही दुसऱ्या कामाला लागले, तशी मेंढरं विकली. विकण्याआधीच्या शेवटच्या कातरणीची लोकर आईनं कातली, सणगरानं विणून दिली, आणि हे घोंगडं झालं. आमच्या मेंढरांचं आता जगात एवढंच उरलंय. ते त्यांनी मला दिलं, भावांना नाही. भाऊ अजून ते बोलून दाखवतात.

आमच्या गावात बंद करणं हा माणसाचा धर्मच आहे. उन्हाळ्यात फुफाटा उडतो, तो भाकरीतसुद्धा लागतो. त्यात काळभैरवाच्या देवळाभोवतीची माकडं. दार, खिडकी, डबा, पेटी, जे उघडं राहील ते त्यांचं. त्यामुळं लावणं, झाकणं, बांधणं हे आम्हाला चालण्याआधी येतं. मीही खोली मिळाल्याबरोबर तेच केलं. जुनं लोखंडी कपाट घेतलं, धूळ मागून जाऊ नये म्हणून भिंतीला चिकटवून लावलं. घोंगड्याला प्लास्टिकची पिशवी घातली, तोंड सुतळीनं आवळलं, वर गावाकडून आणलेला कडुलिंबाचा पाला टाकला, कपाट बंद केलं, किल्ली गळ्यात. आईनं बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

पावसाळा लागला आणि शाळा, चिखल, छत्री यात दिवस गेले. कपडे वाळायचेच नाहीत. दोरीवरून अर्धे ओले काढायचे आणि घडी करून कपाटात कोंबायचे. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला पांढरी साडी काढायला म्हणून खालचा कप्पा उघडला आणि आतून असा कुबट वास आला की मी मागं सरले. पांढऱ्या साडीवर काळे ठिपके. चामड्याच्या चपलांना हिरवं. घोंगड्याची पिशवी सोडली तर काळंभोर घोंगडं पार पांढरं, म्हाताऱ्याच्या डोक्यासारखं. मला खरंच वाटलं, कुणीतरी पीठ सांडलंय. मी बोट लावून वास घेतला. बुरशी भाकरीवर बघितली होती, लोकरीवर कधी बघितली नव्हती.

मी खाली बसून रडले. साडीसाठी कोण रडतंय, साड्या छप्पन मिळतात. मला दिसत होतं ते एवढंच, की शेवटची लोकर माझ्या हातून नासली आणि आता अण्णांना काय तोंड दाखवू.

रडणं ऐकून घरमालकीण काकी पडवीतून आत आल्या. कंबरेत वाकलेल्या, पण जीभ ताठ. कपाटाकडं एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगो बाय, कपाट भिंतीला चिकटवून कोण ठेवतो? भिंत घामेजते ना. आणि हे प्लास्टिक कशाला? वारा नको काय त्याला?" मी म्हटलं, धूळ बसेल. काकी हसायला लागल्या. "इथं धूळ आणणार कुठून तू?"

मग त्यांनीच पदर खोचला. कपाट हातभर पुढं ओढायला लावलं. सगळे कपडे बाहेर. तोंडाला फडकं बांधून घोंगडं पडवीत नेऊन झाडलं. घरात झाडू नकोस, सगळीकडं पसरेल, असा दम दिला. कप्पे व्हिनेगरच्या पाण्यानं पुसले, पंख्यानं कोरडे केले, ओल सुकावी म्हणून कपाटात विजेचा एक मिणमिणता दिवा सोडला आणि दारं सताड उघडी टाकली. माझा लिंबाचा पाला चिमटीत धरून त्यांनी बाहेर भिरकावला. तो नीट वाळलेला नव्हता, त्यालाच बुरा धरला होता. काकी बुरशीला बुरा म्हणतात. "पावसात हाताला गार लागणारं कापड कपाटात घालायचं नाही," त्या म्हणाल्या, "गार म्हणजे ओलं." साडी धुतली, ठिपके फिके झाले, गेले नाहीत. पण बाकी कपाट सुधारलं. मला उघड्या कपाटाच्या खोलीत झोप येईना, सारखं कुणीतरी माकड आत शिरेल असं वाटायचं.

घोंगडं मात्र सुधरेना. झाडलं, पंख्याखाली ठेवलं, की पुन्हा पांढरं. शेवटी काकींनी ते दोन बोटांत चोळलं, बोटं एकमेकांना चिकटली, आणि विचारलं, "ह्याला खळ आहे काय?" मी म्हटलं, चिंचोक्याची, दुप्पट. त्या म्हणाल्या, "मग झालं. खळीच्या साड्या आम्ही आगोटीच्या आधी, पाऊस लागायच्या आत धुऊन ठेवतो. बुऱ्याला खळ म्हणजे जेवणाचं ताट."

मला त्या क्षणी अण्णा दिसले, चुलीपाशी पातेलं ढवळताना. तिकडं पाऊस लई, म्हणून दुप्पट. ज्या मायेनं त्यांनी ते केलं तेच घोंगड्याला खात होतं. खळ धुवायची म्हणजे त्यांचं काम पाण्यात सोडायचं. आणि नाही धुवायची तर लोकर कुजवायची. फोनवर हे सांगणं मला जमलं नाही. "घोंगडं बरं हाय का?" असं ते दर खेपेला विचारायचे, आणि मी म्हणायचे, हाय की.

दिवाळीच्या सुट्टीत घोंगडं बगलेत मारून मी घरी गेले. अण्णांनी वळकटी सोडली, नाकाला लावली आणि माझ्याकडं बघत राहिले. "राखंत ठिवलं व्हतंस का काय?" त्यांनीही असलं कधी बघितलं नव्हतं. आई म्हणाली, "दाण्याच्या पेवाचा वास येतोय गं." पत्र्यावर उन्हात टाकलं आणि आई काठी घेऊन माकडं राखत बसली. आमचं ऊन ते, दिवाळीतसुद्धा चटके देतं. त्यानं वास ओढून घेतला, पांढरं झडून गेलं. अण्णा खूश झाले. संध्याकाळी बघते तर त्यांनी चिंचोके भिजत घातलेले. म्हणाले, "पैली खळ खराब झाली आसंल. आता तिप्पट देतो."

आता बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "अण्णा, खळ नको."

"बिनखळीचं घोंगडं?" ते म्हणाले. "पाऊस कसा अडवंल ते? मऊ पडंल, फडक्यावानी व्हईल."

"तिकडं मी पावसात कुठं बसतीय, अण्णा. मला घरात अंगावर घ्यायचंय. तिथल्या हवेत खळीला बुरशी धरती. धुऊन काढली तर लोकर वाचंल."

त्यांनी पातेल्यातले चिंचोके हातानं चाळवले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी म्याच नासवलं व्हय ते?" उत्तर आईनं दिलं, भाकरी थापता थापता, मागं न बघता. "खळ तुमची, आन कपाट लाव म्हणलं ते मी. पोरीनं दोघांचं बी ऐकलं, म्हणून असं झालं. ऐकणारी पोरगी मिळाली म्हणून देवाला नारळ फोडा आन जेवाय बसा." आम्ही तिघंही हसलो. अण्णांनी डोळे पुसले ते हसण्यानं, असं म्हणूया.

दुसऱ्या दिवशी बोअरच्या हौदात रिठ्याचं पाणी करून त्यांनी स्वतः घोंगडं तुडवलं. दुखऱ्या गुडघ्यांनी. मला उतरू दिलं नाही. खळ सुटून पाणी पेजेसारखं झालं, ते सोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा तुडवलं, पाणी निवळ येईतोवर. वाळल्यावर घोंगडं हातात घेतलं तर दुमडत होतं, खांद्यावरून खाली ओघळत होतं. अण्णांनी गालाला लावलं. म्हणाले, "कोकरावानी लागतंय की." घोंगडं असं मऊ असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या कामाचं ते कधीच नव्हतं तसं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं, नवरा बीडकडचा, तोही इथंच मास्तर. बदलीचे अर्ज दोघांनी भरले, मग भरायचे राहिले. काकी गेल्या. माझ्या बोलण्यात आगोट आली, पडवी आली, आईला फोनवर ते शब्द कळत नाहीत. कपाट भिंतीपासून हातभर लांब आहे, पावसाळाभर दारं उघडी असतात. सोनारीला गेले की तिथंही कपाट उघडं टाकते आणि आई ओरडते, "मिटव ते, धूळ बसंल की." इकडं आले की पहिले दोन दिवस हात आपोआप कपाट लावायला जातो आणि नवरा ओरडतो. दोन्ही ठिकाणी मीच चुकलेली असते. आधी याचं वाईट वाटायचं, आता मी दोघांनाही उलटं बोलते.

गेल्या पावसाळ्यात अण्णा पहिल्यांदाच इकडं आले. आल्या आल्या कपाटामागं हात घालून भिंत चाचपली, घोंगडं काढून हुंगलं आणि मान हलवली. मग रोज ते पांघरून पडवीत बसायचे आणि समोर कोसळणारा पाऊस बघायचे. जन्मभर त्यांनी पाऊस खोळीच्या फटीतून बघितलेला. इथं कौलं पाऊस अडवत होती, आणि घोंगड्याला ऊब देण्यापलीकडं काही काम नव्हतं. "बरं झालं धुतलं ते," एकदा आपणहूनच म्हणाले.

जाताना मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. इतकी वर्षं माझ्या इथल्या जागेला ते खोली म्हणत आलेले. खोलीवर पोचलीस का, खोली गळत न्हाय न्हवं. लग्न झालं, जागा मोठी झाली, तरी खोलीच. घर म्हणजे सोनारीचं, त्यात मलाही कधी काही वावगं वाटलं नव्हतं. गाडी सुरू झाली तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जा आता घरी," ते म्हणाले. "कपाट उघडं ठिव, पर दाराला कडी लाव."