वगारीचा काळा रंग

काकांच्या गोठ्यातली वगार भुरी पडायला लागली, तेव्हाच मला धास्ती वाटली. म्हशीचं पिल्लू कसं काळंभोर हवं. हिचे केस तांबूस, राठ, डोळ्यांभोवती फिकट वर्तुळं, आणि शेण पातळ. मागच्या वर्षी याच गोठ्यात दोन पारडं अशीच खंगून गेली होती. तारनाक्याला माझा जनावरांचा दवाखाना, आणि घरचीच जनावरं मरणार! मी रक्त तपासलं. अंगात तांबं फारच कमी निघालं.

"तांबं?" काका खूश झाले. "मग सोपं आहे की!"

दुसऱ्या दिवशी पाहते तर माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ चिंचेनं लखलखीत घासून, पाणी भरून वगारीपुढे ठेवलेलं. मी कपाळावर हात मारला. नुसत्या दुधात तांबं पुरेसं नसतं, वाळल्या कडब्यातही नाही, म्हणून खनिजांची पावडर भुशातून रोज चिमूटभर द्यायची, आणि चिमटीपेक्षा जास्त नाही, कारण तेच अंगाशी येतं, हे सगळं समजावून पाकीट देऊन आले.

आठवड्यानं गेले तर पाकीट अर्ध्यावर आलेलं.

"एवढी पावडर वगारीला घातली?" मी पाकीट उचलून पाहिलं.

"नक्को घाबरू. म्हशीला घातली. म्हशीच्या दुधातून तिला जातंच ना!"

"पण दूध तरी तिला कुठे पिऊ देता, काका?"

"मग काय विकू, तिचं शेण?"

अशा माणसापुढे शिक्षण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी त्यांनी शपथ घेतली, उद्यापासून वगारीलाच देतो म्हणाले.

दिवाळीनंतर नारायणगुड्याला सदर नावाचा सण असतो, रेडे-म्हशी सजवून मिरवतात. त्या सकाळी काकांनी मला मुद्दाम बोलावलं. वगार चक्क काळी कुळकुळीत! क्षणभर मला फार आनंद झाला. मग ती दोन पावलं चालली, आणि लटपटली. भिंतीच्या कोनाड्यात केस काळे करायच्या पावडरीची रिकामी पाकिटं होती. काका स्वतःच्या डोक्याला लावतात तीच. त्यांची नखंही काळी झाली होती.

"लोकांत भुरी वगार नेऊ? इज्जत आहे का नाही काही?"

मी ओरडले. वडीलधारे आहेत हे विसरून ओरडले. "इज्जत तुमची, जीव तिचा!" वगार मिरवणुकीला गेली नाही. त्या दिवसापासून दवाखाना उघडण्याआधी मी स्वतः गोठ्यावर जायचे. भुशात गूळ, त्यात चिमूटभर पावडर, आणि ती खाऊन संपवेपर्यंत तिथेच उभी राहायचे. काकांना म्हशीचं दूध तिच्यासाठी सोडायला लावलं, तेही रोज भांडून.

संक्रांतीच्या सुमारास शेण घट्ट झालं. पाय ठरले. मी तिचे केस बाजूला सारून पाहिले, तर रंगवलेल्या जुन्या केसांखाली मुळाशी नवे केस येत होते, खरेखुरे काळे. मला रडूच आलं. शेजारी काका चहा पीत बसले होते, त्यांच्या डोक्यावर मुळाशी पांढरे केस निघाले होते.

"बघ," ते म्हणाले, "उगीच परेशान होत होतीस. आपोआप काळी झाली."

मी खनिजांच्या पाकिटाला रबर लावलं.

"मग आता उरलेली पावडर म्हशीला घालू ना?" काकांनी विचारलं.