बिलोलीकडचं मत

आमच्या गल्लीत त्यांना सगळे मामाच म्हणत. दुष्काळात विहीर आटली, तेव्हा बिलोलीकडचं गाव सोडून ते नांदेडला लेकाकडे आले. सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘शरणार्थ’ म्हणून हात जोडत. निवडणूक आली, की मात्र धुतलेलं धोतर पिशवीत घालून आदल्या दिवशीच एसटीनं गावी जात.

मतदारयादीचं काम करणाऱ्या बाई दर वेळी समजावत, “मामा, राहता इथं, तर नाव इथंच लावून घ्या की.”

“कशाला घाई करायलाव, बाई? पाण्यापायी आलाव आमी. पाऊस झाला की चाललोच परत. नाव ऱ्हाऊ द्या तिथंच.”

पुढं पाऊस झाला, विहिरीला पाणीही आलं. पण तोवर मामांचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी चढवेना. शेवटी त्यांनीच बाईंना बोलावून सांगितलं, “लावा इथं.” त्या दिवशी ते ओट्यावर बसले नाहीत.

मतदानाला मीच त्यांना कोपऱ्यावरच्या शाळेत नेलं. नाव पुकारलं, बोटाला शाई लागली आणि आम्ही लगेच बाहेर आलो. मामा फाटकाशी थांबून रांगेतल्या एकेका तोंडाकडे बघत राहिले.

“काही राहिलं का, मामा?” मी विचारलं.

“न्हाई. मत झालं की,” ते हळूच म्हणाले. “पर कवा आलास, जेवलास का, कुणीच इचारलं न्हाई.”