सी.आर. पळवण्याचे दिवस

किस्से बाळाच्या दुपट्यांसारखे असतात. एक धुऊन वाळत घालावं, तोवर दोन नवी तयार! आमच्या कॉलेजच्या निवडणुकीचे तर इतके साठलेत, की मैत्रिणी जमल्या आणि मुलं एकदाची झोपली, की "ते पळवापळवीचं सांग ना गं!" अशी फर्माईश होतेच. मी मुळात घाबरट बाई. दूध उकळल्याची खात्री वाटत नाही म्हणून पुन्हा उकळणारी. माझ्या हातून राजकारण घडलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

*

त्या वर्षी मी नाशिकला एम.ए. करत होते. मनू जेमतेम रांगायला लागलेली, हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात शिफ्ट ड्युटीला. वर्गप्रतिनिधी, म्हणजे सी.आर., निवडायचा त्याच दिवशी मनूचं पोट बिघडलं, म्हणून मी घरी. वर्गातले दोन गट भांडून भांडून दमले. शेवटी जिच्याशी कुणाचंच भांडण नाही अशी एकच व्यक्ती सापडली. ती गैरहजर होती!

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "अभिनंदन! आता अधूनमधून वर्गातही येत जा."

*

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "निवडणूक म्हणजे दगडफेक. मागच्या वर्षी फुटलेल्या काचा मी पाहिल्यात. यंदा एक जरी दगड पडला, तर दुसऱ्या दिवसापासून तुझं कॉलेज बंद."

"आई, दगड मी थोडाच मारणार आहे?"

"मारणाऱ्याला लागत नाही गं. उभं असतं त्याला लागतो."

तेव्हापासून कोण निवडून येतो याची मला फिकीरच उरली नाही. कुणीही या बाबांनो, पण दगडाशिवाय या!

*

सगळे सी.आर. मिळून विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचे. खरा रुबाब त्या पदाचा! उभे दोघं: नाशिकचा विलास आणि नांदगावचा सुधाकर. मतदार मूठभर, त्यामुळे रीतच अशी की विरोधकांनी फोडू नयेत म्हणून आपले सी.आर. मतदानापर्यंत पळवून लपवून ठेवायचे. पळवलेले अगदी आनंदाने जायचे म्हणा! सायन्सचा सी.आर. तर जीप दारात आल्यावर म्हणाला, "उद्या पळवा ना राव, आज प्रॅक्टिकल आहे!"

जीप खरंच दुसऱ्या दिवशी आली.

*

विलासने आपले सी.आर. सप्तशृंगीच्या गडावर ठेवले, सुधाकरने पेठजवळ मामाच्या मळ्यात. कॉमर्सचा सी.आर. मळ्यातून निसटला, पदरच्या पैशाने एस.टी.चं तिकीट काढलं आणि थेट गडावर विरोधकांपुढे हजर! त्याला तत्त्व पटलं असणार म्हणून विलासने त्याच्या गळ्यात हार घातला, चार शब्द बोल म्हणाला.

तो म्हणाला, "तिकडे तिन्ही त्रिकाळ पिठलं होतं हो!"

*

मुलींना पळवणं मात्र रीतीत बसत नसे. आमच्या घरी येऊन गळ घालत. एका संध्याकाळी सुधाकर मित्रांना घेऊन आला. "वहिनी, लय टेन्शन हाय. विलासची माणसं तुम्हाला फोडतील. मतदानापर्यंत नांदगावला आमच्या ताईकडं चला."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "येऊ की. मी, ही आणि मनू. पाळणा जीपमध्ये बसतो का बघून घ्या. पाणी उकळलेलं लागतं, भात अगदी गुरगुट्या. आणि रात्री उठली की तिला खांद्यावर घेऊन गाणं म्हणावं लागतं. तुमच्यात कुणाचा आवाज बरा आहे?"

मित्र चपला शोधायला लागले. सुधाकर हात जोडून म्हणाला, "वहिनी, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास हाय!"

*

पुढे वर्षभर मी सी.आर. म्हणून काय दिवे लावले, तेही इथेच सांगून टाकते, थोडंच आहे. पहिल्या बैठकीत प्राचार्यांनी मागण्या विचारल्या. मुलांनी वसतिगृह मागितलं, जिमखाना मागितला, फी-माफी मागितली. मग माझी पाळी आली.

"सर, लेडीज रूमच्या दाराला आतून कडी नाहीये."

"मग इतकी वर्षं काय करत होता तुम्ही?"

"एक जण बाहेरून दार धरून उभी राहते, सर."

सगळी सभा जमिनीकडे बघायला लागली. कडी त्याच आठवड्यात बसली. त्या वर्षी पूर्ण झालेली ती एकमेव मागणी!

*

आता मतदानाचा दिवस. मी निघाले, तर सासूबाई मनूला घेऊन माझ्या आधी दारात. "दगड पडला तर मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय."

फाटकापाशी दोन्ही जीपा, घोषणा, शिट्ट्या, ताशा. मी आत जाऊन मत दिलं. निकाल लागला: सुधाकर, फक्त एका मताने! बाहेर येऊन बघते तो फाटकाजवळच्या खडीच्या ढिगावर विलासची पोरं वाकलेली आणि सुधाकरची पोरं बाह्या सरसावून समोर उभी. गेलं माझं एम.ए.!

आणि दोन्ही टोळक्यांच्या मधोमध सासूबाई. मनू खांद्यावर, तिच्यावर पदर.

"ए पोरांनो! आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. सकाळपासून रडून रडून दमलंय लेकरू. उठली तर बघा मग!"

वाकलेले वाकलेच राहिले. विलासने मूठ उघडली आणि आवाज होऊ नये म्हणून एकेक खडा परत ढिगावर ठेवला. सुधाकर कुजबुजला, "मावशी, मिरवणूक नेऊ का?"

"ने की. वहाणा वाजवू नका फक्त."

गुलाल उधळला, तोही जपून. "सुधाकरभाऊंचा विजय असो" हे सगळे एकमेकांच्या कानात सांगत होते. ताशेवाला ताशा पोटाशी कवटाळून चवड्यांवर चालत होता. विलासची पोरं बाजूला सरकून वाट देत होती.

मनूच्या नाकात गुलाल तर गेला नाही ना, म्हणून मी धावत जाऊन पदर बाजूला केला. बाई टक्क जाग्या! आजीची बोरमाळ तोंडात घालून मजेत चघळत होत्या.

"आई, अहो, ही तर..."

"श्श! मिरवणूक कोपऱ्यावरून वळू दे आधी."