सायकल खांद्यावर

"उतरून जाईन, पन बराबर जाईन." गर्दी दिसली की पाववाले चाचा असं म्हणत सायकलवरून उतरायचे, हँडल धरून चालायला लागायचे आणि घाईतल्या माणसाला आधी जाऊ द्यायचे. आमच्या मस्तगड भागातल्या कितीतरी घरांचा सकाळचा चहा त्यांच्या पावासाठी अडून बसायचा. कॅरिअरवर पत्र्याची पेटी, पेटीत गरम पाव आणि खारी.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. सगळे नियम पाळतो आणि म्हणूनच सगळ्यांच्या चेष्टेचा धनी होतो. रस्ता मोकळा असला तरी चाचा वळताना हात दाखवणार. विमान उतरवता का काय, असं आमची कट्ट्यावरची मंडळी विचारायची. ते हसायचे, पण हात खाली घ्यायचे नाहीत.

मग बाजाराच्या रस्त्यावर पाटी लागली, सायकल व हातगाडीस प्रवेश बंद. म्हणे कोंडी होते! कोंडी होते ती दुकानांपुढे आडव्या लावलेल्या चारचाकी गाड्यांमुळे. पण त्यांच्या मालकांना बोलायची हिंमत कुणाची? गरिबाची सायकल तेवढी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपली.

चाचांची गिऱ्हाइकं नेमकी त्या रस्त्याच्या पलीकडे. वळसा घ्यायचा तर सळया वाहणाऱ्या ट्रकांमधून जावं लागे, आणि तोवर पाव गार. गार पाव कोण घेणार? पहिल्या दिवशी ते सवयीप्रमाणे सायकल हातात धरून निघाले. चौकातल्या हवालदाराने आधी नाव विचारलं, मग आवाज चढवला. हातात धरली तरी चाकं रस्त्यावरच आहेत, पुन्हा दिसली तर सायकल जमा करीन, म्हणाला. फुटपाथवरून न्यावी तर तिथे दुकानांची डबडी मांडलेली.

दुसऱ्या दिवशी साठी उलटलेला हा माणूस एका हातात पेटी आणि खांद्यावर सायकल घेऊन त्या रस्त्याने आला.

"आता चाकं रस्त्यावर न्हाईत, साहेब," ते हवालदाराला म्हणाले.

हवालदाराला हसू आलं, त्याने सोडलं. लोकांनी मोबाईल काढले. तो व्हिडिओ गावभर फिरला, पण त्यांच्या हातातली पेटी धरायला एकही हात पुढे आला नाही. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

थोड्याच दिवसांत सगळे ती पाटी विसरले. पोरं बिनधास्त सायकली दामटू लागली आणि हवालदार तंबाखू मळत बघत राहिला. चाचा मात्र खांदा बदलत रोज चालतच होते. एका सकाळी त्यांची कंबर धरली आणि ते भर बाजारात खाली बसले. घरी नेलं ते रिक्षात घालून. त्या अंथरुणातून ते उठलेच नाहीत, उन्हाळा संपायच्या आत गेले.

त्याआधी एकदा मी शाळेत शिकवून परतताना त्यांना भेटायला गेलो होतो. मला राहवलं नाही. कशासाठी हा हट्ट केलात, म्हणून मी त्यांच्यावर चिडलोच. त्या पाटीला आता कुणी विचारत नाही, तिच्यावर कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढलाय, अक्षरसुद्धा दिसत नाही, असं सगळं सांगितलं.

भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे बघत चाचा म्हणाले,

"गुरुजी, तुम्ही तिथून सायकल नेली तर कोन बघून राह्यलंय? मी नेली, तर फ्लेक्स वर करून पाटी दाखवतील."